पित्ताची वही

"श्रीपाद, पूर्वी लोक लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत," भाऊजी म्हणाले. "आता काळ बदलला. आता दूधभात लागतो. साखर घालून."

मी नुकतंच हातावर पाणी सोडून पहिला घास घेतला होता. समोर अक्का बसली होती, माझी आई. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हातात चमचा. तोंडाशी नेलेला चमचा तिनं तसाच परत वाटीत ठेवला आणि जरा वेळानं, कुणाचं लक्ष नाही असं बघून, वाटी ताटाच्या पलीकडे सरकवली.

श्रीपाद म्हणजे आमचे हे. त्यांनी आमटीभात कालवला. नीट, सगळ्या बाजूंनी, एकही शीत कोरडं राहू नये असा.

माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली. बघितलं तर मसुरीएवढी लाल गांध उठलेली. ताकभाताला येईपर्यंत अशा गांधी कोपरापर्यंत चढल्या, मग मानेवर, पोटावर. कानाच्या पाळ्या जड झाल्या. मी पदर ओढून घेतला, ताक प्याले, आचवले, आणि मगच न्हाणीघरात जाऊन दोन्ही हातांनी अंग ओरबाडून काढलं.

"पित्त उठलं वाटतं," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "वांगं खाल्लंस ना? तरी म्हटलं, या दिवसांत वांगं नको."

तो पहिला दिवस. त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली.

आम्ही गडहिंग्लजला होतो. हे पाटबंधारे खात्यात. मुलगा कोल्हापूरला शिकायला, म्हणून घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि भाऊजी. भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, वामनराव. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही ही जुनी रीत ते कसोशीनं पाळत. मला सांगायचं ते ह्यांना सांगत. "श्रीपाद, चहात साखर कमी आहे." चहा मी समोर उभी राहून दिलेला असे. हे माझ्याकडे बघत, मी साखर आणत असे. हे त्या वेळीही काही बोलत नसत.

बोलणं ह्यांच्या स्वभावातच नव्हतं. 'देवमाणूस' म्हणत सगळे. अक्का गावी विहिरीच्या पायरीवर घसरली, मनगट मोडलं, तेव्हा ह्यांनीच जीप केली, तिला उचलून आत बसवलं, वाटेत खड्डा आला की तिच्या हाताखाली स्वतःचा हात धरला. अख्ख्या वाटेत एक शब्द नाही. मला त्यांचं ते न बोलणं इतकं मोठं वाटलं होतं! मी अक्काची एकुलती एक. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली, ती गावी एकटी. तिला दुसरं कोण होतं?

आणि माझा नेम असा की आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मौनानं जेवायचं. हातावर पाणी सोडल्यापासून आचवेपर्यंत शब्द नाही, हूं नाही, हातानं खूणसुद्धा नाही. चुकून बोललं गेलं तर पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत पाण्यावर राहायचं. अकरा वर्षं हा नेम होता. एकदाही उठले नव्हते. शेजारणी हसत. "अहो कुंदाताई, तुमचा आवाज तसाही शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही, त्यात आणखी मौन कशाला?"

भाऊजींनी ते बरोबर हेरलं. दिवसभर अक्काबद्दल चकार शब्द काढत नसत. उलट, "विहीणबाई, वर्तमानपत्र हवं का?" म्हणून विचारत. पण दुपारी मी सगळ्यांना वाढून माझ्या पाटावर बसले, पाणी सोडलं, की सुरू.

"श्रीपाद, गोखल्यांच्याकडे विचारत होते, तुमच्याकडे पाहुणे किती दिवस आहेत? मी म्हटलं, पाहुण्यांनाच विचारा."

"श्रीपाद, प्लास्टर हाताला आहे ना? पायाला तर नाही. एस.टी.त पायांनी चढतात."

अक्का खाली मान घालून डाव्या हातानं भात टिपत राही. तिला 'आणखी घे' असं म्हणायला मला तोंड नव्हतं. मी वाढायला पुन्हा उठू शकत नव्हते. पोळी अर्धी झाली, मग पाव झाली. "भूकच नाही गं या वयात," असं ती मला संध्याकाळी समजावून सांगे. आणि पंगतीत आमचे हे होते; त्यांना तोंड होतं, ते भात कालवत असत.

गांधी रोज उठू लागल्या. वांगं सोडलं, मग चवळी सोडली. मग शेंगदाणे, दही, टोमॅटो, तीळ. "तू ना कुंदा, आता वारा खाऊनच राहा," अक्का म्हणाली, पण हसली नाही. श्रावण संपता संपता मी भात, मुगाचं वरण आणि दुध्यावर आले होते, आणि गांधी आपल्या वेळेवर हजर. सासूबाईंनी माया पातळ होऊ दिली नाही, हे कबूल करायला हवं. आमसुलं भिजत घालून ते पाणी त्या स्वतः माझ्या पाठीला चोळत. गेरू उगाळून लावत. घोंगडी पांघरायला लावत. त्या टोचणाऱ्या घोंगडीत घामाघूम होऊन मी जप करत पडे, आणि एकेका मण्यासरशी दात आवळत. एकदा सकाळी उठले तर जबडाच उघडेना. लाख वातींचा नेमही चालू होता माझा. त्या दिवसांत वळलेल्या वाती इतक्या पिळल्या गेल्या होत्या की तूप धरेनात. निरांजन लावलं की चरचरून विझे. देवापुढे बसून मला रडू येत नसे. मला काहीतरी फोडावंसं वाटे. एकदा ताम्हन हातात घेऊन मी ते किती लांब फेकता येईल याचा विचार करत होते, आणि तोंडानं अथर्वशीर्ष चालू होतं.

शेवटी डॉक्टर हुक्केरींकडे गेले. म्हातारे, अर्धे कानडी, अर्धे मराठी.

"घरात कुणाशी वाजतंय काय?"

"नाही हो. माझा आवाज चढत नाही कधी."

"ते नाही विचारलं मी." त्यांनी माझी पापणी ओढून बघितली. "जबडा दुखतो?"

"दुखतो."

"झोप?"

"लागते. पहाटे मोडते."

"हं. ह्या पिवळ्या गोळ्या घ्या, झोप येईल, खाज कमी होईल. पण गोळीनं मूळ कळत नाही. एक वही घाला. रोज काय खाल्लं ते लिवा. गांधी कधी उठल्या, कुठं उठल्या. आणि जेवताना पंगतीला कोण होतं, काय बोलणं चाललं होतं, तेपण लिवा."

"बोलण्याचा काय संबंध डॉक्टर?"

"मला काय ठाऊक? मी तुमच्या घरात जेवतो काय?"

मी नेम म्हणूनच ती वही धरली. मुलाची उरलेली शंभर पानी होती, तिच्या पहिल्या पानावर 'श्री' काढला आणि देवघरातल्या फळीवर, पोथीशेजारी ठेवली. रोज चार वाजता, चहाआधी, दोन-तीन ओळी. जे झालं तेवढंच. एक सप्टेंबरला सुरू केली. मागचं पान उलटून बघायचं मला कधी सुचलं नाही. नेमाची माळ आपण मागे वळून मोजत नाही, तसंच.

सव्वीस तारखेला अक्काचं प्लास्टर काढलं. हात वाळल्या शेंगेसारखा बाहेर आला. बोटं सरळ होत होती, पण मूठ मिटेना. "दोन-तीन महिने कोमट पाण्यात व्यायाम," डॉक्टर म्हणाले. "तोवर घागर नाही, विळी नाही, चूल नाही." अक्कानं डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून दुमडून बघितली. सोडली की ती परत उघडत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ह्यांना सुट्टी होती. मी वाढलं, बसले, पाणी सोडलं. भाऊजींनी पाटाखालून माझी वही काढली.

मी भाताचा घास तोंडात घातलेला होता. तो तिथेच राहिला.

"श्रीपाद, ही वही देवघरात सापडली," भाऊजी म्हणाले. "दुसऱ्याचं लिखाण वाचू नये, मला मान्य आहे. पण घरातल्या माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे." त्यांनी चष्मा लावला. माझ्या ओळींखाली त्यांनी शिसपेन्सिलीनं रेघा मारलेल्या मला पाटावरूनही दिसल्या. 'गांधी' हा शब्द मी एके ठिकाणी ऱ्हस्व लिहिला होता, तिथे गोल केला होता. माझ्या अंगाची वही त्यांनी तपासली होती!

"ऐका. 'सुरुवात कधी: अक्का आली त्याच्या तिसऱ्या दिवशी.'" त्यांनी वही खाली केली. "हे मी म्हणत नाही. हे तिच्या हातचं आहे. वांगं नाही, चवळी नाही. सगळं सोडून झालं, पित्त जात नाही. का जात नाही? पोटच्या मुलीनं स्वतः लिहून ठेवलंय. विहीणबाई, तुम्ही सुज्ञ आहात. मी आणखी काय बोलू?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. माझ्या मानेवर, हातांवर, ओरबाडल्याच्या खपल्यांवर तिची नजर फिरली.

"खरंच की गं," ती म्हणाली. "मला कसं कळलं नाही हे?"

मला ओरडायचं होतं. नाही, नाही, तसं नाही लिहिलंय मी! घास तोंडात दगडासारखा झाला. अकरा वर्षांचा नेम माझ्या दातांमागे उभा होता आणि मी त्याच्यामागे.

"रविवारी सकाळची गाडी आहे," भाऊजी म्हणाले. "श्रीपाद, नवरात्राच्या आत हे व्हावं. प्लास्टरही निघालं."

"मूठ मिटत नाही हो त्यांची," सासूबाई म्हणाल्या.

"मिटेल. आपल्या घरी गेलं की सगळं मिटतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आमटी घेतली. भात कालवला.

सासूबाई साध्या बाई. त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी घोळत होतं. "पण वामन," त्या म्हणाल्या, "मधे चार दिवस हिला काहीच उठलं नव्हतं रे. मी म्हटलंसुद्धा, आमसुलाला गुण आला."

"कधी?"

"गौरी-गणपती झाल्यावर. बघ ना, लिहिलं असेल तिनं."

भाऊजींनी पानं उलटली. पेन्सिलीच्या रेघा पहिल्या दोन पानांवरच होत्या. शाळेतही ते पहिलं पान वाचून मार्क देतात, असं मुलं म्हणत.

"'सोळा तारीख,'" त्यांनी वाचलं. "'भात, वरण, दुधी. भाऊजी म्हणाले, घराची धर्मशाळा झाली. गांधी नाहीत.' हं." त्यांनी घसा खाकरला. "'सतरा. भाऊजी म्हणाले, काही लोकांना मानाची भाषा कळत नाही. अक्का रडली. गांधी नाहीत. अठरा. तेच. गांधी नाहीत. एकोणीस. चुकून दाण्याचं कूट खाल्लं. भाऊजी बोलले. गांधी नाहीत.'" भाऊजींचा चेहरा एकदम खुलला. "बघा, म्हणजे माझ्या बोलण्याचा यात काही दोष नाही. हेही तिनंच सिद्ध केलं. मी रोज बोललो, काही झालं नाही."

"पण मग विहीणबाईपण होत्याच की त्या चार दिवसांत," सासूबाई म्हणाल्या.

"होत्या," भाऊजी म्हणाले.

"दाण्याचं कूटही खाल्लं."

"हो."

"मग त्या दिवसांत नव्हतं तरी काय?" सासूबाईंनी अगदी भाबडेपणानं विचारलं. "सगळं होतं तसंच तर होतं. फक्त आपला श्रीपाद धरणावर गेला होता, पाहणीला."

भाऊजींनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. सवयीनं त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं आणि वाचायला लागलं की थांबणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"'बावीस तारीख. भाऊजी बेळगावला गेलेले. भात, वरण. अक्कानं ह्यांना विचारलं, जावईबापू, तुम्ही सांगा, मी राहू का आणखी थोडे दिवस? ह्यांनी भात कालवला. अक्कानं पुन्हा विचारलं. ह्यांनी ताक मागितलं. गांधी सगळ्या अंगावर. ओठ सुजले. उजवा डोळा मिटला. दोन गोळ्या...'"

शेवटचे शब्द त्यांनी हळू वाचले.

देवाशपथ सांगते, लिहिताना मला ते दिसलं नव्हतं. रोज दोन ओळी लिहीत होते. सगळ्या ओळी एकामागून एक कधी ऐकल्या नव्हत्या. आणि भाऊजींचा मला राग आहे, असंच मी धरून चालले होते. भाऊजींचा राग करणं किती सोपं होतं! ते तर तोंडानं बोलत.

मी घास गिळला. पाण्याचा घोट घेतला नाही.

"अहो," मी म्हटलं, "मला मौन आहे. तुम्हाला कुठलं व्रत आहे?"

नेहमीच्याच आवाजात म्हटलं. पण चातुर्मासात, पानावर, माझा आवाज अकरा वर्षांत कुणी ऐकला नव्हता. सासूबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं कलंडलं.

"अगं, बोललीस! कुंदा, पानावर बोललीस!"

"हो आई. उठते."

मी उठले. ताट उचललं. ह्यांचा हात भातात तसाच होता, पाचही बोटं रुतलेली.

"दादापुढे मी... दादापुढे मी कधी बोललो नाही गं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "अक्कानं विचारलं तेव्हा दादा बेळगावला होते."

मी मनगट बघितलं. नितळ होतं, एकही गांध नव्हती.

"श्रीपाद, तिला सांग," भाऊजी म्हणाले, "जेवताना असा तमाशा..."

"ह्यांना कशाला सांगता?" मी त्यांच्याकडे वळले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे बघून बोलले. "मी इथे उभी आहे. मला सांगा. आणि रविवारची तिकिटं काढायला जाल तेव्हा दोन काढा."

"दोन?"

"अक्काची मूठ मिटेपर्यंत मी तिच्याजवळ राहणार. आणि माझी वही द्या."

त्यांनी वही दिली. वाद घालायची सवय होती त्यांना, पण माझ्याशी थेट वाद घालायची नव्हती.

अक्का मागे लागली. दोन दिवस लागली. "संसार मोडून माझ्यामागे येऊ नकोस, लोक माझ्याच तोंडात शेण घालतील," म्हणाली. मी ट्रंक भरत राहिले. शुक्रवारी नियमाप्रमाणे पाण्यावर राहिले, शनिवारी पूजा करून पुन्हा नेम धरला. हे दोन दिवस माझ्या आजूबाजूला घोटाळत होते. ट्रंकेची कडी धरायला आले, तेव्हा मी ट्रंक खाली ठेवून उभी राहिले. मग ती स्टँडपर्यंत हमालानं नेली.

गाव तासाभरावर. अक्काचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे परसू, परसात विहीर. पहिल्याच दिवशी अक्कानं मला दारची वांगी भाजायला लावली. "खा," म्हणाली, "काय होतं बघू." मी मौनानं जेवले. अक्का समोर बसून डाव्या हातानं, पण पोटभर जेवली, आणि मध्येच, मी बोलू शकत नाही याचा फायदा घेऊन, माझ्या वडिलांच्या घोरण्याच्या गोष्टी सांगून मला हसवायचा प्रयत्न करत राहिली. अंगावर काही उठलं नाही. राग मात्र होता. दुपारी भांडी घासताना हातातल्या राखेपर्यंत होता.

पुढच्या शनिवारी हे आले. परसाच्या दारातून आले, हातात पिशवी. अक्का कोमट पाण्यात हात घालून बसली होती. मी विहिरीशी घागर घासत होते.

हे अक्कासमोर उभे राहिले. घाम पुसला.

"अक्का," ते म्हणाले, "तुम्ही राहा. आमच्याकडे. तुम्हाला हवं तेवढे दिवस." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, "दादाला सांगून आलोय."

अक्कानं हात पाण्यातून काढला, पदराला पुसला.

"जावईबापू, मी विचारून किती दिवस झाले?"

ह्यांनी मान खाली घातली. "तेरा."

"तेरा दिवसांत मेलेल्या माणसाचंसुद्धा सगळं आटोपतं," अक्का म्हणाली. "बसा. चहा घ्या. मी काही आता येत नाही. मला माझं घर बरं. पण ही इथे राहील, मूठ मिटेपर्यंत. तिकडे तुमच्या आईंना आणि दादांना करून कोण घालेल?"

"मी."

"येतं?"

"भात येतो. बाकीचं शिकेन."

"भात तर तुम्हाला येतोच," अक्का म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला आत गेली.

अक्काची मूठ दिवाळीनंतर मिटली. कार्तिकीला तिनं स्वतःच्या हातानं तुळशीला पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी मी परतले. तोवर दर शनिवारी हे येत राहिले. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, कधी गावी, कधी आमच्याकडे, आणि आमच्याकडे आली की तिच्या पानावर पहिली पोळी हे वाढत. पण ते सगळं पुढचं. त्या शनिवारी त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. त्या शनिवारी हे फक्त परसात उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलावं, 'बरं केलंत आलात' असं म्हणावं, म्हणून.

"घागर भरायची आहे," मी म्हटलं. "ही आणि आतले दोन हंडे."

त्यांनी पिशवी ठेवली, बाह्या सरसावल्या आणि पोहरा विहिरीत सोडला. मी काठाशी उभी राहिले. आणि मग मी सांगायला लागले. पहिल्या दिवसापासून. दूधभाताची वाटी तिनं कशी सरकवली, तुम्ही तेव्हा काय करत होता. पायांनी एस.टी.त चढतात म्हणाले तेव्हा तुम्ही काय करत होता. अक्का पाव पोळीवर आली ते तुम्हाला दिसत होतं का? दिसत होतं ना? मग? रात्री घोंगडीत मी तळमळत होते तेव्हा तुम्ही 'गोळी घेतलीस का' एवढंच का विचारत होता?

त्या रहाटाला कित्येक महिन्यांत तेल मिळालेलं नव्हतं. पोहरा वर यायला लागला की तो असा किंचाळे की माझा शब्द मलाच ऐकू येईना.

"काय म्हणालीस?" ह्यांनी दोर धरून विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. रहाट पुन्हा किंचाळला.

"ऐकू नाही आलं."

तेव्हा मी मोठ्यानं बोलले. छातीच्या तळापासून. अडतीस वर्षांत मी तसा आवाज काढलेला नव्हता. तो पहिल्यांदा फाटला, मग नीट लागला. मी एकेक तारीख घेतली. हे दोर ओढत होते, पोहरा घागरीत ओतत होते, पुन्हा सोडत होते, आणि डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होते, आणि मी थांबले नाही. घागर भरली, पहिला हंडा भरला. बांधावरची बगळ्यांची रांग उडाली.

शेजारच्या सोनाकाकू हातातला झाडू तसाच घेऊन कुंपणाशी धावत आल्या.

"काय गं कुंदा? काय झालं? साप निघाला काय?"

"काही नाही काकू," मी ओरडून सांगितलं. "नवऱ्याशी बोलतेय."